आधी तारीख वाचा, ट्रेलर मग

प्रश्न ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून आलाय. दहा-बारा जणांचा गट आहे. गणपती गेले की दिवाळीपर्यंतच्या नव्या सिनेमांची यादी काढायची, कुठला पहिल्या आठवड्यात बघायचा आणि कुठला ओटीटीवर येऊ द्यायचा यावर आधीच काथ्याकूट करायचा, हा त्यांचा दरवर्षीचा उद्योग. तक्रारी दोन. ज्याची महिनाभर वाट पाहिली तो फुसका निघतो. आणि ज्याच्याबद्दल नंतर सगळे चांगलं बोलतात तो मराठी सिनेमा ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणेपर्यंत उतरलेला असतो. मग यादी काढायची कशावरून?

मी मल्टिप्लेक्सच्या प्रोग्रॅमिंगमध्ये काम केलं आहे, म्हणजे कुठल्या पडद्यावर कुठला सिनेमा किती वाजता लागणार हे जिथे ठरतं त्या खोलीत. तिथे ट्रेलर कुणी फारसा बघत नाही, आधी तारीख बघतात. निर्मात्याला स्वतःच्या सिनेमाबद्दल खरोखर काय वाटतं, तो कुणासाठी आहे आणि किती दिवस तग धरेल असा त्याचा हिशेब आहे, हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं. त्याने निवडलेल्या शुक्रवारात ते दिसतं. तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि यादी त्यावर मांडा.

यंदा, म्हणजे २०२६मध्ये, ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबर, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, २० ऑक्टोबरला दसरा आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. बाहेरून बघणाऱ्याला हा सलग ‘फेस्टिव्ह सीझन’ वाटतो. थिएटरवाल्याला विचारा, तो सांगेल की यात निदान पाच वेगवेगळे तुकडे आहेत आणि एका तुकड्यात चालणारा सिनेमा दुसऱ्यात आपटू शकतो.

गणपतीचे दिवस घ्या. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातला कोकणी माणूस चतुर्थीच्या आधीच गावाला गेलेला असतो. जे राहतात त्यांच्या संध्याकाळी आरत्यांमध्ये आणि दर्शनाच्या रांगांमध्ये जातात. संध्याकाळचा सहा-सातचा शो, जो एरवी घर चालवतो, तोच या दिवसांत रिकामा. विसर्जनाच्या दिवशी तर रस्तेच बंद. म्हणून मराठी निर्माता चतुर्थीच्या आठवड्यात सहसा फिरकत नाही. एखादा आलाच तर समजा की त्याला दुसरी तारीख मिळाली नाही.

त्यानंतर येतो पितृपक्ष, आणि माझ्या मते या सगळ्या मोसमातला सर्वांत मजेदार तुकडा हाच. या पंधरवड्यात नवं काही सुरू करू नये ही समजूत धंद्यात खोलवर मुरलेली आहे. मोठे हिंदी निर्माते शक्यतो टाळतात. त्यामुळे पडदे मोकळे राहतात, आणि मोकळ्या पडद्यावर ज्याला एरवी दुपारचा एक शो मिळाला असता त्याला चार मिळतात. ज्या दिवशी देशभर तिकीट स्वस्त ठेवलं गेलं त्या राष्ट्रीय सिनेमा दिनाच्या तारखा बघा. २०२२मध्ये २३ सप्टेंबर, तिकीट ७५ रुपये. २०२३मध्ये १३ ऑक्टोबर, ९९ रुपये. २०२४मध्ये २० सप्टेंबर, पुन्हा ९९. तिन्ही दिवस पितृपक्षातले. जाहिरातीत प्रेक्षकांचे आभार वगैरे असतात, पण थिएटरांना हा पंधरवडा भरून काढायचा असतो हे कॅलेंडर सरळ सांगतं. २०२४च्या त्याच स्वस्त शुक्रवारी ‘नवरा माझा नवसाचा २’ आला. ती तारीख धरणाऱ्याने विचार करूनच धरली होती.

२०२५चं उदाहरण याहून बोलकं आहे. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. पुढच्याच शुक्रवारी, १२ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात, तीन मराठी सिनेमे एकदम लागले: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. तीन मराठी सिनेमांनी एकाच दिवशी एकमेकांच्या पायात पाय घालावेत का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, आणि ती रास्तच होती. पण सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’ची तारीख मला आजही दाद द्यावीशी वाटते. गोष्ट कोकणातल्या दशावतारी कलावंताची, मुख्य भूमिकेत दिलीप प्रभावळकर. आणि प्रेक्षक कोण, तर आठवड्यापूर्वी गावाहून परतलेला, अंगावरून अजून गाव न उतरलेला ठाणेकर, डोंबिवलीकर, घणसोलीकर. चतुर्थीच्या आधी हाच सिनेमा लागला असता तर हा माणूस एसटीच्या रांगेत असता. पितृपक्ष आडवा आला नाही, सिनेमा आठवडे टिकला.

त्याच शुक्रवारी आणखी एक गंमत झाली. ‘डीमन स्लेयर’ नावाचा जपानी ॲनिमे सिनेमा आला आणि त्याला पहाटेचे शो लावावे लागले. चाळिशीच्या वरच्या कुणाच्याही यादीत हे नाव नव्हतं. तुमच्या गटात कॉलेजातली दोन मुलं असली तर यादी काढताना त्यांना आधी बोलू द्या, एवढंच सुचवतो.

यंदाच्या पितृपक्षात २ ऑक्टोबर येतो, तोही शुक्रवारी. गांधी जयंतीची सुट्टी, जोडून शनिवार-रविवार. हिंदी ‘दृश्यम ३’साठी गेल्या डिसेंबरमध्ये हीच तारीख जाहीर झाली. पहिल्या भागाची सगळी गोष्ट २ ऑक्टोबरभोवतीच फिरते, त्यामुळे जाहिरातीचं निम्मं काम ती तारीखच करते. पण मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. आपला प्रेक्षक पितृपक्ष पाळून घरी बसणारा नाही असं निर्मात्याने गृहीत धरलंय. याच मालिकेचा दुसरा हिंदी भाग १८ नोव्हेंबर २०२२ला, म्हणजे दिवाळी संपून गेल्यावर, कुठल्याही सणाच्या आधाराशिवाय लागला होता आणि तुफान चालला. ज्याला सणाची कुबडी लागत नाही तो सिनेमा थोडा विश्वासाने यादीत वर घ्यावा.

अर्थात जाहीर झालेली तारीख आणि पक्की तारीख यांत अंतर असतं. ठाण्याशी संबंध असलेलं उदाहरण द्यायचं तर ‘धर्मवीर २’. तो ९ ऑगस्ट २०२४ला येणार होता; राज्यातल्या पावसामुळे पुढे गेला आणि २७ सप्टेंबरला लागला. वर्षभर आधी पोस्टरवर छापलेली तारीख ही निर्मात्याने इतरांसाठी लावलेली पाटी असते: ही जागा आमची, तुम्ही दुसरी बघा. ट्रेलर तारखेसकट आला, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं की मग ती खरी मानायची. बुकिंग उघडलं की पक्की. तोवर सुट्ट्या टाकू नका.

नवरात्राबद्दल थोडक्यात. टेंभी नाक्याच्या देवीची गर्दी, सोसायट्यांमधला गरबा, नवी मुंबईत तर मैदानामैदानांवर गरबा. नऊ रात्री तरुण प्रेक्षक रात्रीच्या शोला येत नाही. दुपारचे शो मात्र बरे चालतात. म्हणून ज्या सिनेमाची सगळी मदार रात्रीच्या शोवर आणि कॉलेजच्या पोरांवर असते तो नवरात्राच्या पहिल्या शुक्रवारी आला, तर त्याचे पहिल्या तीन दिवसांचे आकडे बघून नाक मुरडू नका. दसऱ्याच्या दिवसापासून चित्र बदलतं. २०२५मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली, आणि ‘कांतारा चॅप्टर १’ने नेमका तो दिवस धरला. त्याच दिवशी करण जोहरच्या कंपनीचा एक चकचकीत हिंदी सिनेमाही होता. ‘कांतारा’च पुढे गेला. वाशी-नेरुळकडच्या मंडळींना एक फायदा आहे: तिकडे दाक्षिणात्य कुटुंबं भरपूर असल्यामुळे दक्षिणेतल्या सिनेमांचे मूळ भाषेतले शो जास्त सहज मिळतात. डब केलेला बघण्यापेक्षा खाली अक्षरं असलेला मूळ शो बघा, हे माझं हट्टाचं मत.

कोजागरी ते वसुबारस हा काळ धंद्याच्या दृष्टीने मेलेला. घराची सफाई, फराळ, खरेदी, मुलांची सहामाही. रविवारी दुपारी राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवरचं थिएटर अर्धं रिकामं असतं. निर्मात्यांना हे माहीत असतं, म्हणून या आठवड्यांत एक तर छोटे सिनेमे येतात, नाहीतर कुणी तरी अडकलेला माल मोकळा करतो. दोन्ही एकाच यादीत असतात आणि वेगळे ओळखावे लागतात. पण प्रेक्षक म्हणून माझा हा आवडता काळ. आधी राहून गेलेलं काही बघायचं असेल तर याच दिवसांत बघा, मागच्या रांगेत मोबाइल लावून बसणारं कुणी नसतं.

आता दिवाळी. यंदा सगळ्यांच्या बोलण्यात एकच नाव असणार. नितेश तिवारींच्या ‘रामायण’चा पहिला भाग २०२६च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७च्या दिवाळीत आणणार, हे निर्माते नमित मल्होत्रा यांनी नोव्हेंबर २०२४मध्येच जाहीर केलं होतं. दोन वर्षं आधी पाटी लावली की बाकीचे आपोआप बाजूला होतात, मोठ्या सिनेमांचे तरी. पण दिवाळीचे वार कसे पडलेत ते बघा. ६ नोव्हेंबर शुक्रवार, धनत्रयोदशी. ८ला रविवार, सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन. ९ला सोमवार, मधला दिवस. १०ला मंगळवारी पाडवा, ११ला बुधवारी भाऊबीज. म्हणजे हक्काचा रविवारच लक्ष्मीपूजनात गेला. त्या संध्याकाळी घरोघरी पूजा असते, दुकानदार आपल्या दुकानात असतो, सहा ते नऊचा शो रिकामा जातो.

हे असेच वार २०२३मध्ये पडले होते. १२ नोव्हेंबरला रविवारी लक्ष्मीपूजन होतं आणि ‘टायगर ३’ शुक्रवार सोडून थेट त्या रविवारीच लावला. सोमवारचा गल्ला रविवारपेक्षा मोठा आला. एरवी असं होत नाही. सोमवार वर आणि रविवार खाली हे फक्त लक्ष्मीपूजनामुळे. मग बुधवारी भाऊबीजेलाच वानखेडेवर भारत-न्यूझीलंड विश्वचषकाचा उपांत्य सामना आला आणि त्या दिवशी थिएटरं ओस पडली. तेव्हा दिवाळीतल्या सिनेमाची चर्चा करताना क्रिकेटचं वेळापत्रकही शेजारी ठेवा. पहिल्या दिवसाचा आकडा ऐकून ‘आपटला’ किंवा ‘गाजला’ असं ठरवणाऱ्यांना विचारा की तो दिवस कुठला होता.

दिवाळीला दोन मोठे सिनेमे एकमेकांसमोर येणं जुनं आहे. २०००मध्ये ‘मोहब्बतें’ आणि ‘मिशन कश्मीर’, २००७मध्ये ‘ओम शांति ओम’ आणि ‘सावरिया’, २०१६मध्ये ‘ऐ दिल है मुश्किल’ आणि ‘शिवाय’, २०२४मध्ये ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूल भुलैया ३’. वर्तमानपत्रं याला कुस्ती म्हणून रंगवतात. आतल्या खोलीत मात्र भांडण पडद्यांवरून असतं. २०१२मध्ये तर ते स्पर्धा आयोगापर्यंत गेलं: ‘सन ऑफ सरदार’च्या बाजूने अजय देवगणच्या कंपनीने यशराजविरुद्ध तक्रार केली की ‘एक था टायगर’ हवा असेल तर दिवाळीला ‘जब तक है जान’ही घ्या, अशी अट एकपडदा थिएटरांना घातली गेली. तक्रारीचं पुढे काय झालं ते बाजूला ठेवू. अशा अटींवर सौदे होतात हे प्रेक्षकाला कळलं तरी पुरे. ‘सगळे शो आमचे’ असं वितरकाने म्हटलं की ज्याच्या मागे कुणी मोठं नाही तो सिनेमा सकाळी साडेनऊला जातो.

आणि तो बहुतेक वेळा मराठी असतो. पण इथे निराश होण्याआधी दोन दिवाळ्या आठवा. १२ नोव्हेंबर २०१५, पाडवा. ‘प्रेम रतन धन पायो’सारखा सलमानचा सिनेमा, त्याच दिवशी ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई २’. शास्त्रीय गाण्यांचा, जुन्या संगीत नाटकावरचा सिनेमा त्या गर्दीत चिरडला जाईल असंच धंद्यातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं. ‘कट्यार’ नंतर आठवडेच्या आठवडे चालला. दुसरी दिवाळी ८ नोव्हेंबर २०१८ची. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ देशभर इतके पडदे घेऊन बसला होता की ‘आणि… डॉ. काशिनाथ घाणेकर’ला शो मिळावेत म्हणून इथे आवाज उठवावा लागला. ‘ठग्स’ने पहिल्या दिवशी ५० कोटींच्या वर गल्ला केला आणि दुसऱ्या दिवसापासून घसरला तो उठलाच नाही. ‘घाणेकर’चे शो मात्र वाढत गेले. ठाण्यात ज्यांच्या नावाचं नाट्यगृह हिरानंदानी मेडोजमध्ये उभं आहे त्यांच्यावरचा सिनेमा ठाणेकरांनी उचलून धरला नसता तरच नवल.

या दोन्ही वेळी सिनेमा वाचला तो सोमवारमुळे. ते कसं घडतं ते नीट सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर त्यात आहे. शुक्रवार ते रविवार लोक कशाने तरी येतात, सुट्टी असते, गाणं ऐकलेलं असतं. सोमवारी जो येतो तो कुणीतरी सांगितलं म्हणून येतो. सोमवार-मंगळवारचे आकडे हातात आले की पुढच्या शुक्रवारची मांडणी सुरू होते, बुधवार-गुरुवारपर्यंत ती पक्की होते. त्या दोन दिवसांत ज्या सिनेमाचे शो निम्मे तरी भरले त्याला जागा राहते. ज्याचे दहा-वीस खुर्च्यांवर गेले त्याचे चारचे दोन होतात, दोनाचा एक, तोही दुपारी बाराचा. त्यात वाईट हेतू कुणाचा नसतो. सोमवारी जे दिसलं त्यावर गुरुवारी यादी निघते. तुम्ही ‘पुढच्या रविवारी जाऊ’ ठरवता तेव्हा तो निर्णय आधीच झालेला असतो.

सरकारी नियम आहेच. २०१५मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी सिनेमा दाखवणं बंधनकारक केलं. पण कामाच्या दिवशी दुपारी साडेबाराचा शोसुद्धा त्या वेळेत बसतो, आणि तेव्हा नोकरदार माणूस लोकलमधून उतरून ऑफिसात बसलेला असतो. नियमाने शो लागतो, प्रेक्षक येत नाही.

पैशांची वाटणीही समजून घ्या. २००९मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला, नवे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत. तो मिटला तेव्हा ठरलेलं प्रमाण असं: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे सिनेमा जितका जास्त टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढतो. थिएटरला सिनेमा उतरवण्यात मजा येते हा समज चुकीचा आहे. टिकणारा सिनेमा त्याला हवाच असतो. फक्त रिकाम्या खुर्चीचा वाटा शून्य असतो आणि तिच्याकडून पॉपकॉर्नही खपत नाहीत.

लांबी हा आणखी एक मुद्दा, ज्यावर चर्चेत कुणी बोलत नाही. सव्वातीन तासांचा सिनेमा, मध्यंतर आणि साफसफाई धरून पावणेचार-चार तास खातो. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत एका पडद्यावर त्याचे चार शो बसतात. दोन तासांच्या सिनेमाचे सहा. म्हणून लांबलचक सिनेमाला तेवढीच माणसं आणायला जास्त पडदे लागतात आणि ते पडदे दुसऱ्या कुणाचे तरी जातात. ठाणेकर ज्या मॉलला अजून विवियानाच म्हणतात तिथे १४ पडदे आहेत म्हणून एवढं जाणवत नाही. चार पडद्यांच्या थिएटरात एका लांब दिवाळी सिनेमाने तीन पडदे घेतले की बाकी सगळं एका पडद्यावर गुंडाळलं जातं. छोटा सिनेमा शोधताना आधी जास्त पडद्यांचं थिएटर बघा: इकडे ठाण्यात विवियाना, तिकडे नवी मुंबईत सीवूड्स. कोरम किंवा रघुलीला नंतर.

तर तुमची यादी. मराठी सिनेमा असेल आणि थोडीही उत्सुकता असेल, तर पहिल्या शनिवार-रविवारी जा. तेव्हा जमलं नाही तर सोमवार-मंगळवारी रात्री, कारण तुमच्या दहा तिकिटांचं वजन त्या दोन दिवशी सर्वांत जास्त असतं. मंगळवारी बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्तही असतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्यावर १८. दहा-बारा जण एकाच शोला बसा, वेगवेगळ्या शोला विखरून जाऊ नका. सोसायटीतली शंभरेक माणसं जमत असतील तर थेट थिएटरच्या मॅनेजरला भेटा. एवढ्या खुर्च्या पक्क्या असतील तर तो वेगळा शो लावण्याचा विचार करतो.

महोत्सव गाजवून आलेल्या सिनेमांनाही हाच नियम, आणखी कडक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते येतात, ऑस्करला भारतातर्फे कोण जाणार हेही साधारण सप्टेंबरमध्ये ठरतं. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ ही आपली नावं तशीच गेली. सनडान्सला मोठा पुरस्कार मिळवलेला ‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबर २०२५ला लागला. अशा सिनेमाला मोजके शो मिळतात. पहिला शनिवार चुकला की गेलाच.

मोठा हिंदी सिनेमा असेल तर घाई तुम्हाला नाही, त्याला आहे. पहिले तीन दिवस तिकिटं महाग, गर्दी, आणि तो दुसऱ्या आठवड्यात हमखास असणार. पहिल्या दिवसाच्या जल्लोषासाठी जायचं असेल तर खुशाल जा, ती वेगळी मजा आहे, फक्त तिला सिनेमाची परीक्षा म्हणू नका. ओटीटीसाठी थांबायचं असेल तर हिशेब सोपा: हिंदी सिनेमाने थिएटर आणि ओटीटीमध्ये आठ आठवडे ठेवावेत असा मोठ्या साखळ्यांचा आग्रह असतो. ६ नोव्हेंबरला लागलेला सिनेमा १ जानेवारीच्या आधी घरी बघायला मिळणं कठीण. हा आग्रह किती पक्का आहे ते २०२३च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं, चार आठवड्यांत ओटीटीवर जाणार म्हणून तमिळ नट विजयच्या ‘लिओ’ची हिंदी आवृत्ती या साखळ्यांनी लावलीच नाही.

चर्चेत मला खटकणारी एक गोष्ट म्हणजे कोटी. एकजण जगभरचा ‘ग्रॉस’ सांगतो, दुसरा भारतातला ‘नेट’, तिसरा पोस्टरवरचा. ग्रॉसमध्ये कर असतो, नेटमध्ये नसतो, आणि नेटमधलाही जवळजवळ निम्मा थिएटरकडे राहतो. तीन वेगळ्या गोष्टींची तुलना करून अर्धा तास भांडल्यावर सिनेमाबद्दल बोलायला वेळ उरत नाही. आकड्यांचीच हौस असेल तर एकच धरा: पहिल्या शुक्रवारच्या तुलनेत सोमवार किती. २०२२च्या ‘कांतारा’ची हिंदी आवृत्ती मूळ कन्नडनंतर दोन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, अगदी लहान आकड्यांवर सुरू झाली होती, ज्यांनी तिचा सोमवार पाहिला त्यांना पुढचं कळलं होतं.

सिनेमा लागण्याआधी बोलायचंच असेल तर लेखक कोण आहे यावर बोला. ट्रेलरमध्ये दिग्दर्शक आणि नट ठळक असतात, लेखकाचं नाव शेवटच्या पाटीत अर्धा सेकंद येतं. तिथे ट्रेलर थांबवून वाचा. गुरुवारी पेड प्रीव्ह्यू, म्हणजे आदल्या दिवशीच तिकीट लावून दाखवलेले शो, ठेवलेत का ते बघा. निर्मात्याला विश्वास असतो तेव्हा तो लोकांना आधी दाखवतो. आणि मुलं बरोबर असतील तर प्रमाणपत्र बघा, आता यूए ७+, यूए १३+, यूए १६+ अशा पायऱ्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत सात-आठ वर्षांच्या मुलाला यूए १६+ सिनेमाला नेऊन मध्यंतरात बाहेर पडणारी कुटुंबं मी खूप पाहिली आहेत.

राहता राहिला दिवाळीतला दिवस. लक्ष्मीपूजनाच्या रविवारी सकाळी तलावपाळी आणि राम मारुती रोडवर दिवाळी पहाटेला आलेली तरुण मंडळी उन्हं चढल्यावर थेट थिएटरकडे वळतात, त्यामुळे त्या दिवशी साडेअकरा-बाराचे शो भरतात आणि संध्याकाळचे मोकळे असतात. घरची पूजा लवकर आटोपत असेल तर रात्री साडेनऊचा शो घ्या. पाडवा आणि भाऊबीजेला दुपारनंतर कुठेही पार्किंग मिळणार नाही, बहिणीकडून जेवून निघालेली सगळी कुटुंबं तेव्हाच येतात. तुमच्या गटातल्या निम्म्यांनी ऑफिसातून एक दिवसाची रजा काढली तर ९ नोव्हेंबरचा सोमवार सर्वांत चांगला: सुट्टी नाही, गर्दी कमी, आणि पहिल्या तीन दिवसांत बघून आलेल्यांकडून खरं काय ते कळलेलं असेल.